डाव्या बटणातली पाचर

पुरुषोत्तम कुंभोजकर हा माणूस गप्प बसायला जन्मलेलाच नव्हता. इचलकरंजीहून चेन्नईजवळच्या गुम्मिडिपूंडीला आला तेव्हा त्याला तमिळचा गंध नव्हता. पण वर्षभरात तो भाजीवालीशी तमिळमध्ये भांडून वर कढीपत्ता फुकट आणायला लागला. त्याचं तमिळ ऐकून लोक हसत, तोही हसे आणि बोलणं पुढे रेटी. नारायणस्वामींच्या लहानशा कारखान्यात तो पत्रे कापायच्या पॉवर प्रेसवर होता, आणि आपल्याइतका हात कुणाचा चालत नाही हे रोज एकदा तरी सगळ्यांना ऐकवायचा. खोटंही नव्हतं ते.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली यायचा, त्यामुळे हात आपोआप बाहेर राहायचे. पण असं काम सावकाश होतं. ऑर्डरींचा रेटा वाढला तसा मालकांच्या सांगण्यावरून फोरमनने डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकली आणि ते कायमचं दाबून टाकलं. आता उजव्या हाताने बटण दाबायचं, डाव्याने पत्रा सरकवायचा. पुरुषोत्तमने सुरुवातीला कुरकुर केली, मग हात सरावला. २००६च्या जानेवारीत, पोंगलनंतर एका दुपारी पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला डावा हात आत गेला आणि सवयीने उजव्याने बटण दाबलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्याचा खर्च मालकांनी केला, हे पुरुषोत्तम आजही सांगतो. कुणाला उगाच काळं फासणं त्याच्या स्वभावात नाही. पण टाके निघायच्या आत त्यांचे वकील चंद्रमौळी घरी आले. म्हणाले, पाचर तुम्हीच त्या दिवशी सकाळी मारलीत, चूक तुमची, तरी मालक दयेपोटी काहीतरी देतायत, एवढी सही करा.

वकील गेल्यावर पुरुषोत्तमची बायको शशिकला म्हणाली, "सही केलीत तर पुढे कुठला कारखाना दारात उभं करील तुम्हाला? म्हणतील, ह्यानेच मशीन बिघडवलं नि स्वतःचा हात घालवला."

"मी कशाला करतोय सही! बोटं गेलीत, अक्कल नाही गेली."

कारखान्यात दहासुद्धा माणसं नव्हती, त्यामुळे ईएसआयच्या सरकारी विम्याचा आधार नव्हता. पुरुषोत्तमने कामगार आयुक्तांकडे नुकसानभरपाईचा दावा लावला. वकील केला नाही. "बोटं माझी गेली, बोलायला दुसरा कशाला?" असा त्याचा खाक्या. सोबतचे कामगार साक्षीला येईनात. त्यांनाही चुली होत्या, म्हणून त्याने कुणाला आग्रह केला नाही. दिलदारपणा म्हणायला ठीक, पण त्यामुळे त्याच्या बाजूने बोलणारा तो एकटाच उरला.

सुनावणीला चंद्रमौळींनी पारदर्शक पिशवीतली पाचर आयुक्त बाईंच्या टेबलावर ठेवली. "हीच ती. कामगाराने त्याच सकाळी बटणात घातली. मालकांना पत्ताच नव्हता." बाजूला बसलेल्या नारायणस्वामींनी खालच्या मानेने होकार दिला.

पुरुषोत्तम उठला आणि सुटलाच. ऑर्डरी, फोरमन, उजवा हात, डावा हात, सगळं झालं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचर आधीपासून होती, ह्याला पुरावा काय?"

पुरुषोत्तमने पुन्हा ऑर्डरींपासून सुरुवात केली. तेवढ्यात मागच्या बाकावरून शशिकला पुढे येऊन पिशवीवर वाकली.

"अहो, हिच्यावर कुंकू आहे."

पुरुषोत्तमने पाहिलं. तेलाने काळ्या पडलेल्या लाकडावर चंदनाचा पिवळट थर होता आणि त्यावर लालसर ठिपका. अपघातापासून ह्या पाचरीवर तो इतका बोलला होता, पण तिच्याकडे कधी धड पाहिलं म्हणून नव्हतं. तो जवळजवळ ओरडलाच, "मॅडम, आयुध पूजा!"

बाई चेन्नईच्याच, त्यांना फार सांगावं लागलं नाही. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी इथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी अख्ख्या कारखान्याची पूजा होते. यंत्रं धुतात आणि पान्यापासून हातोडीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. ती पूजा अपघाताच्या तीन महिने आधी झाली होती. नारायणस्वामींच्या कारखान्यात तर कुंकवाच्या वाटीला मालकांखेरीज कुणी हात लावत नसे.

"रंगाचा डाग असेल," चंद्रमौळी म्हणाले.

बाईंनी पिशवी नारायणस्वामींच्या हातात दिली. "तुम्हीच सांगा. रंग की कुंकू? आणि कुणी लावलं?"

नारायणस्वामी पूजा केल्याशिवाय सकाळची कॉफीही न घेणारे गृहस्थ. वकिलाने सांगितलं म्हणून मान हलवणं त्यांना जमलं होतं. पण देवाचं नाव घेऊन स्वतः लावलेलं कुंकू नाकारायचं म्हणजे फार झालं. चंद्रमौळींनी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"नान दान," ते म्हणाले. मीच. "आयुध पूजेला मीच लावलं. पाचर तेव्हाही होती."

निकाल पुरुषोत्तमच्या बाजूने लागला. कामगाराची चूक नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्या दिवशी जिन्यात नारायणस्वामींनी त्याला गाठलं आणि हात जोडून माफी मागितली. पुरुषोत्तमने ह्या प्रसंगासाठी मनात केव्हापासून खणखणीत वाक्यं जुळवून ठेवली होती. पण त्या जोडलेल्या, धडधाकट दहा बोटांकडे पाहून त्याला भलताच राग आला आणि त्या रागात तो सगळी वाक्यं विसरला.

"सर, माझ्या प्रेसवर आता कोण बसतो?"

"राजगोपाल."

"त्याच्या डाव्या बटणात काय आहे?"

नारायणस्वामींनी खिशातून मोबाईल काढून कारखान्यात फोन लावला, आणि जिन्यातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने फोरमनला ओरडून सांगितलं, आधी प्रेस बंद कर.