उल्हास थळेचा सामाईक नकाशा

एकोणीस वर्षांत आपल्या हातून एकही रेघ चुकली नाही, असं उल्हास थळे ज्याला त्याला सांगायचा. ऐकणारे मनातल्या मनात हसायचे, पण खोटं पाडायची कुणाची छाती नव्हती, कारण ते खरं होतं. अलिबाग तालुक्यातल्या झिराडचा हा गडी. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मस्कतला आला आणि आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर, दुसऱ्यांच्या डोक्यातल्या विहिरी, नळ आणि टाक्या कागदावर उतरवत राहिला. बायको विद्या आणि मुलगी पूर्वा यांच्यासह तो अल अमेरातला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. रोज सकाळी डोंगर ओलांडून ऑफिस गाठायचं आणि संध्याकाळी तोच डोंगर उलट ओलांडायचा, असं त्याचं सुरळीत चाललं होतं. ऑफिसात जगातल्या प्रत्येक प्रश्नावर त्याचं मत तयार असे. फक्त ते त्याला कुणी विचारत नसे.

त्याची नोकरी पाण्याची प्रशिक्षणं घेणाऱ्या एका छोट्या संस्थेत होती. तिची एक खासियत होती. इस्रायली आणि पॅलेस्टिनी इंजिनियर आपापल्या घरी एका टेबलावर बसू शकत नाहीत, म्हणून त्यांना वर्षातून एकदा इथे आणून एका हॉलमध्ये बसवत. पाणी कुठून आणायचं, सांडपाणी कुठे न्यायचं, एवढंच बोलायचं, राजकारण दाराबाहेर. असा नियम संस्थेचे प्रमुख डॉक्टर हिलाल पहिल्याच दिवशी वाचून दाखवत. डॉक्टर हिलाल म्हणजे कडक इस्त्रीची पायघोळ दिशदाशा आणि त्याहून कडक स्वभाव. त्यांचा नियम चहाच्या पहिल्या सुट्टीपर्यंत टिकत असे.

२०१६ च्या फेब्रुवारीत आलेल्या तुकडीत आठ जण होते. दुसऱ्या दिवशी उल्हास पँट्रीत उभा राहून विद्याशी फोनवर मासळीवरून वाद घालत होता. फोन ठेवून वळला तर मागे एक साठीचे, टकलू, गळ्यात इस्रायलचं ओळखपत्र लटकवलेले गृहस्थ उभे. ते अलिबागच्या बाजूच्या जुन्या, आता गावातही ऐकू न येणाऱ्या मराठीत म्हणाले, "कुनाचा रे तू? झिराडचा तर नव्हं?"

उल्हासच्या हातातला कप कलंडला. हे होते एलायझर झिराडकर, बीरशेबाचे पाण्याचे इंजिनियर. नऊ वर्षांचे असताना आजा आणि आईबापाबरोबर बोटीत बसून इस्रायलला गेले होते. कोकणात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारी जी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं होती, त्यातलंच एक यांचं. आई जाईपर्यंत घरात मराठीच चाले, त्यामुळे भाषा तेवढी जिवंत राहिली होती. बाकी गावातलं काही उरलं नसेल, असं ते अगदी सहज म्हणाले.

उल्हासने आज्याचं नाव विचारलं. हसाजी इलोजी, ते म्हणाले. मग मात्र उल्हास खुर्ची ओढून बसला, कारण हे नाव त्याने शेकडो वेळा वाचलं होतं. विहिरीकडच्या नारळाच्या वाडीच्या सातबाऱ्यावर त्याच्या आज्याच्या नावाखाली हेच नाव होतं. दोघा आज्यांनी मिळून वाडी घेतली होती आणि वाटप कधी केलंच नाही, सगळं सामाईक. झिराडकर मंडळी गेली त्याला पन्नास वर्षं झाली. मधल्या काळात अलिबागच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुंबईचे दलाल उल्हासच्या बापाच्या ओटीवर ठाण मांडून बसायचे. माणसं बेपत्ता आहेत असा एक अर्ज टाका आणि नाव कमी करून घ्या, असं शिकवायचे. बापाने एकेकाला चहा पाजून वाटेला लावलं. माणसं कुठे गेली ते आपल्याला ठाऊक आहे, मग बेपत्ता कशी, एवढंच त्याचं म्हणणं. नाव अजून जिथल्या तिथे होतं.

 एलायझरकाकांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले. त्या दिवसापासून उल्हास त्यांना काका म्हणू लागला.

तुकडीतले दुसरे महत्त्वाचे गृहस्थ होते पॅलेस्टिनी बाजूचे अबू फिरास, अल् खलील गावचे. हेब्रॉन म्हणतात तेच. शांत, सडसडीत, सतत खजूर चघळणारे. त्यांचं गाव डोंगरावर आणि काकांचं बीरशेबा खाली. वरच्या गावाचा ओढा वाहत जायचा तो थेट खालच्या गावात, वरचं सगळं सांडपाणी घेऊन. म्हणजे ही दोन माणसं एकमेकांना भेटायच्या कितीतरी आधीपासून ओढ्याच्या ओळखीची होती. काय गंमत आहे पाहा, ओढ्याला कुणी परवाना विचारत नाही.

चहाच्या सुट्टीत अबू फिरास एकच गोष्ट सांगत. दोन देश करायचे दिवस गेले, आता एकच देश हवा. नदीपासून समुद्रापर्यंत जो राहतो त्याला सारखं मत, सारखा हक्क आणि जाण्यायेण्याची सारखी मोकळीक, मग तो कुठल्याही देवाचा असो. त्यांचाच एक तरुण सहकारी यावर भडकायचा. आमच्या झेंड्यासाठी माणसं मेली आणि तो फडकण्याआधीच तुम्ही गुंडाळायला निघालात, असं त्याचं म्हणणं. इस्रायली बाजूला ओरली नावाची तरुण इंजिनियर होती. ती म्हणायची की जगात एकच जागा आहे जिथे आम्ही कुणाच्या मेहेरबानीवर राहत नाही, ती आम्ही मतपेटीत टाकायची का? काका तिच्याच बाजूचे. एकदा सगळं सोडून आलो, आता या वयात पुन्हा कुणाच्या घरी पाहुणा होणार नाही, असं ते म्हणायचे. उल्हास कप गोळा करायच्या निमित्ताने तिथे घुटमळत राहायचा. त्याला प्रत्येकाचं पटायचं आणि त्याचाच त्याला राग यायचा.

शेवटच्या दिवशी मोठा अभ्यास होता. त्या ओढ्याच्या संपूर्ण खोऱ्याची सांडपाण्याची योजना आठ जणांनी मिळून करायची. त्यासाठी भिंतभर नकाशा उल्हासला काढायला दिला होता. आदल्या दुपारी तो काम करत बसला, पण नकाशावर पाणी दिसेना. युद्धबंदीची रेषा, इस्रायलने बांधलेल्या भिंतीची रेषा, कुठे कुणाचा ताबा ते सांगणाऱ्या ए-बी-सी विभागांच्या रेषा, लष्करी हद्दी. एवढ्या रेषांच्या गुंत्यात नळ कुठला आणि सरहद्द कुठली, ते त्याच्या सरावलेल्या डोळ्यांनाही कळेना. ऑटोकॅड या नकाशे काढायच्या प्रोग्रॅममध्ये एकेका प्रकारच्या रेषा वेगवेगळ्या लेअरवर असतात आणि हवा तो लेअर झाकून ठेवता येतो. नळ तपासण्यापुरता त्याने हद्दींचा लेअर बंद केला. नळ तपासले, विहिरी तपासल्या आणि समाधानाने नकाशा छापायला प्लॉटरवर सोडला. हद्दींचा लेअर पुन्हा चालू करायचा राहूनच गेला. ऑफिसच्या मुलांनी संध्याकाळी नकाशा भिंतीवर लावून टाकला, तेव्हा उल्हास डोंगर ओलांडत होता.

सकाळी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तो दारातच थबकला. सहा फुटी नकाशात डोंगर होते, ओढा होता, दोन्ही बाजूंची गावं होती, अरबी नावाची आणि हिब्रू नावाची, निळ्या ठिपक्यांच्या विहिरी होत्या. रेषा एकही नव्हती. ओरली उभी राहून विचारत होती की माझा देश कुठे आहे. तिच्या शेजारी तो पॅलेस्टिनी तरुण विचारत होता की माझा कुठे आहे. आठवड्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

डॉक्टर हिलाल यांनी उल्हासला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. हे पाहुणे आपल्यावर विश्वास ठेवून येतात, त्यातली एक बाजू जरी उठून गेली तरी या संस्थेला कुलूप लागेल आणि तसं झालं तर शुक्रवारच्या विमानात तू असशील, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, "चूक झाली असं सगळ्यांना सांग, वीस मिनिटांत दुसरा लाव. खलास."

सुटका अगदी सोपी होती. चूक तर खरोखरच झाली होती. उल्हास माफी मागायला भिंतीपाशी गेला, नकाशाच्या खालच्या कोपऱ्याला हात घातला, आणि तेवढ्यात त्याची नजर वर गेली. एकोणीस वर्षांत त्याने काढलेला इतका स्वच्छ नकाशा दुसरा नव्हता. अल् खलीलपासून बीरशेबापर्यंत पाणी कसं वाहतं, ते शाळकरी पोरालाही दिसलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे विद्या आली, पूर्वाची दहावी आली, अमेरातचा फ्लॅट आला.  तरीही त्याने कोपरा सोडून दिला.

लेअर चुकून बंद राहिला हे त्याने कबूल केलं. मग म्हणाला की आता मात्र हा नकाशा काढू नये असं मला वाटतं. का, असं डॉक्टरांनी विचारलं. उल्हासने इंग्रजीत सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडकला. पाइप, वेल, बाउंड्री इथवर त्याचं इंग्रजी उत्तम होतं, न्यायअन्यायापर्यंत ते पोचत नव्हतं. तेव्हा काका उठून त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. "मराठीत बोल," ते म्हणाले, "मी सांगतो त्यांना."

आणि उल्हास बोलला. आमच्याकडे एका जमिनीवर दहा-दहा नावं असतात, तो म्हणाला. मधे कुंपण नाही, वाटप नाही. भांडणं असतात, कोर्टकचेऱ्या असतात, विहिरीवरून तर डोकी फुटतात. सामाईक म्हणजे प्रेम असतं असं समजू नका. पण तिथे कुणी मालक आणि कुणी कूळ नसतं. कुणी कुणाचा पाहुणा नसतो. काका एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले. 

"आणि जो निघून जातो," उल्हास म्हणाला, "त्याचं नाव कुणी खोडत नाही. ह्या काकांचा आजा पन्नास वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव माझ्या आज्याच्या नावाखाली आजही आहे. परत आले तर त्यांना कुणाची परवानगी काढावी लागणार नाही."

काका थांबले.  समोर अबू फिरास बसले होते. त्यांच्या बापाचं गाव खाली, आता दुसऱ्याच नावाने उभ्या असलेल्या शहराजवळ होतं आणि त्या गावच्या कुठल्याही कागदावर त्यांचं नाव उरलं नव्हतं. हे त्यांनी काकांना आठवडाभरात चार वेळा सांगितलं होतं आणि काकांनी चारही वेळा विषय बदलला होता. काका आता त्यांच्याकडेच बघत होते. एवढं एक वाक्य गाळलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं, पूर्ण सांगितलं. मग ओरलीकडे वळून तेच हिब्रूतही सांगितलं.

अबू फिरास उठले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गळाभेट झाली नाही. त्यांनी फक्त निळं स्केचपेन घेतलं आणि नकाशाजवळ जाऊन अल् खलीलच्या खाली एक टिंब दिलं. इथे सांडपाणी शुद्ध करायचं एकच केंद्र बांधलं तर पाणी उतारानेच जाईल, पंप कशाला हवेत, असं त्यांनी विचारलं. काकांनी दुसरं पेन उचललं आणि ते टिंब दोन बोटं खाली सरकवलं, कारण वरचा खडक त्यांना माहीत होता. त्यावर दोघांची जुंपली. ओरली बसून राहिली होती, पण उताराचं गणित दोघंही चुकीचं करताहेत हे तिला बघवेना. ती उठली. मग तो झेंडेवाला तरुणही उठला, तिचं गणित तपासायला.

दुपारपर्यंत योजना तयार झाली. रेषांच्या नकाशावर मागच्या तीन तुकड्यांनी दोन केंद्रं, दोन नळ आणि सहा पंप काढले होते. या नकाशावर एक केंद्र, एक नळ आणि एकही पंप नाही. यामुळे उद्या तिकडे एकच देश होणार होता, असं समजण्याइतका भाबडा हॉलमध्ये कुणी नव्हता. ओरलीने तर तसं बजावूनही सांगितलं की माझं मत बदललेलं नाही, फक्त गणित बरोबर आहे. पण त्या चार तासांत तो देश भिंतीवर होता, त्यात आठ माणसं भांडत होती आणि त्यातलं कुणीही पाहुणं नव्हतं. 

प्रत्येक नकाशाच्या खाली सह्यांची चौकट असते. सहीशिवाय तो नुसता कागद. 'तपासणार' ही चौकट एकाच माणसापुरती होती. काकांनी त्यात सही केली, अबू फिरास यांनी तिच्याखाली दाटीवाटीने आपली केली. मग दोघांनी पेन उल्हासपुढे धरलं. 'काढणार' या शब्दापुढे आजवर त्याची फक्त छापील आद्याक्षरं असायची. त्याने आईने ठेवलेलं नाव, बापाचं नाव आणि आडनाव, सगळं देवनागरीत लिहिलं, आणि रेघ सरळ आली.

दोघांनाही नकाशाची एकेक प्रत हवी होती. उल्हास प्लॉटरच्या खोलीत गेला, तर डॉक्टर हिलाल आधीच तिथे उभे होते. शुक्रवारच्या विमानाचं आता काय, हे विचारायला त्याची जीभ रेटेना. डॉक्टरांनी बाहेर येत असलेल्या कागदावरचा ओढा बोटाने वरपासून खालपर्यंत गिरवला.

"तीन प्रती काढ," ते म्हणाले. "एक माझ्या भिंतीला. आणि तो लेअर बंदच राहू दे."

उल्हासने तीनचा आकडा दाबला आणि छाती काढून प्लॉटरपाशी उभा राहिला.