बगळ्यांच्या गावात मिस ओलेटा

हॅकबेरी कॉलेजच्या मेसमध्ये ओलेटा स्ट्रिंगफेलो चौतीस वर्षं वाढपाच्या टेबलामागे उभी होती. या चौतीस वर्षांत चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये कोण चमकणार आणि कोण बाकावर बसणार, हे तिला कोचच्या आधी कळायचं. ऑगस्टच्या उन्हात सराव सुरू झाला की लोक पोरांचे दंड बघायचे, ओलेटा ताटं बघायची. दोनदा वाढून घेणारा पोरगा ठीक, तिसऱ्यांदा लाजत येणारा उत्तम. आणि ज्याचं ताट अर्धं भरलेलंच परत आलं, त्याचं नाव ती मनात लिहून ठेवायची.

कॉलेज लहान, अलाबामातलं गावही लहान. टीमचं नाव ‘खेचरं’. दुसऱ्या गावांना वाघ-सिंह मिळाले, आम्हाला खेचर, याची हॅकबेरीत कुणालाच लाज नव्हती. ओलेटाला तर नव्हतीच. “वाघ दिवसाचे अठरा तास झोपतो,” ती म्हणायची, “खेचराला झोपायला कोण देतं?”

मोसमाआधीच्या शनिवारी सकाळी अग्निशमन दलाच्या गाड्या बाहेर काढायच्या, आत टेबलं मांडायची, आणि सगळ्या गावाने पॅनकेक खात मिस ओलेटाचा ‘अंदाज’ ऐकायचा, अशी रीत पडली होती. तिची सुरुवात अगदी सहज झाली. बावीस वर्षांपूर्वी भाषणाला येणाऱ्या कोचची गाडी वाटेत बंद पडली. लोक कंटाळून उठायला लागले, तेव्हा दलाचा मुख्य क्लाइड म्हणाला, “ओलेटा, तूच बोल काहीतरी. तुझं तोंड तसंही रिकामं नसतं.” तिने हातातला चिमटा खाली ठेवला आणि येत्या मोसमातल्या दहाही टीमची एकेक करून अशी सालं काढली की कोच आला तेव्हा त्याच्याकडे कुणी बघेना.

तेव्हापासून दर वर्षी तेच. पर्डम कॉलेजने नवं स्टेडियम बांधलं त्या वर्षी ती म्हणाली, “बाशिंग नवं आहे, पण नवरा तोच आहे ना?” सेंट ॲल्बनची पोरं सामन्याआधी फार वेळ प्रार्थना करतात. त्यांच्याबद्दल म्हणाली, “मी देवाला विचारून आले. तो म्हणाला, त्या शनिवारी मी बाहेरगावी आहे.” आणि शेवटी निकाल सांगायची: दहा सामने, दहा विजय. बावीस वर्षांत खेचरांनी दहा विजय एकदाही मिळवले नव्हते. एका वर्षी तर दहाही हरले होते. कुणी ते काढलं की ती शांतपणे म्हणायची, “माझा अंदाज बरोबर असतो. टीम चुकते.”

पण तिची खरी धार राखलेली असायची ती ओल्डफेरीच्या बगळ्यांसाठी. नदीपलीकडे एकोणीस मैलांवर ओल्डफेरी, त्यांच्या टीमचं नाव ‘बगळे’. पूल नव्हता तेव्हा दोन्ही गावं एकाच नावेने ये-जा करत. पूल झाला, नाव मोडली, तिचं एक वल्हं उरलं. दर नोव्हेंबरच्या सामन्यात जो जिंकेल त्याने ते वल्हं वर्षभर मिरवायचं. गेली चार वर्षं ते ओल्डफेरीतच होतं, आणि हॅकबेरीतले लोक त्याविषयी कुणाच्या मयतीबद्दल बोलावं तसं आवाज खाली करून बोलायचे.

त्या वर्षीच्या जुलैत ओलेटाला एक पत्र आलं. कागद निळा, बगळ्यांचा रंग. पाकिटावर पत्ता होता: मिस ओलेटा स्ट्रिंगफेलो, खेचरांचं गाव. पोस्टातल्या बाईने ते चिमटीत धरून तिच्या हातात दिलं.

पत्र रेफर्ड टटलचं होतं. हा ओल्डफेरीत मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवायचा आणि बगळ्यांच्या पाठीराख्यांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. त्याने लिहिलं होतं, “बाई, यंदा आपला शंभरावा सामना. बावीस वर्षं तुम्ही आमच्या पाठीमागे जे बोलता ते आम्हाला पाचव्या तोंडातून ऐकायला मिळतं, आणि तोवर त्याची चव गेलेली असते. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी आमच्याकडे तळलेल्या माशांचं जेवण असतं. या आणि तोंडावर बोला. आधी जेवू घालू, मग ऐकू.”

गावात दोन तट पडले. क्लाइड म्हणाला, “शत्रूच्या घरी जेवायला जाणार तू?”

“जेवायला नाही. ऐकवायला.”

“ते हसतील तुला.”

“हसावं म्हणूनच तर बोलते. रडावं म्हणून बोलायला मी काय वकील आहे?”

घरी तिचा नवरा हॉयट खुर्चीत बसून उकडलेल्या शेंगा सोलत होता. तो गाव बोलेल त्याच्या एक दशांश बोलणारा माणूस. त्याने पत्र दोनदा वाचलं, टरफलं कागदात गुंडाळली आणि म्हणाला, “गाडी मी चालवीन. पण गाडीवर चिकटवलेलं खेचर काढणार नाही.”

“काढायला सांगितलंय कुणी?”

“नाही, आधीच सांगून ठेवलं.”

ओलेटाने तीन आठवडे तयारी केली. भांडी विसळता विसळता ओठ हलायचे. मेसमधल्या बायकांवर ती एकेक वाक्य घासून बघायची. कुणी नुसतं स्मित केलं तर वाक्य बाद. पण आतून ती धास्तावली होती. आपल्या माणसांत शत्रूची थट्टा करायला जीभ लागते. शत्रूच्या घरात तीच थट्टा करायला आणखी काहीतरी लागतं, आणि ते आपल्याजवळ आहे का हे तिला माहीत नव्हतं. शनिवारी सकाळी तिने टीमच्या तपकिरी रंगाचा झगा घातला, तोच जो ती फक्त चर्चला आणि सामन्याला घालायची.

ओल्डफेरीच्या जुन्या कापूस-गोदामात अडीचशे निळे सदरे बसले होते. तपकिरी दोघंच. रेफर्ड टटल दारातच उभा होता. उंच, वाकलेला, बगळा शोभेल असाच. त्याने टोपी काढली. “या मिस ओलेटा. वाट सापडली?”

“सापडली. वास आला.”

“माशांचा, की आमचा?”

“अजून ठरलं नाही.”

त्याने तिला मंचासमोरच्या टेबलावर बसवलं आणि स्वतः वाढलं: कुरकुरीत मासा, मक्याच्या पिठाची भजी, कोबीची कोशिंबीर, बर्फाचा गोड चहा. भिंतीवर वल्हं टांगलं होतं, नेमकं तिच्या नजरेसमोर. ही जागा मुद्दाम दिली हे तिला कळलं, आणि या माणसाबद्दल थोडा आदर वाटला. मासा खरोखर चांगला होता. तिने दुसऱ्यांदा मागून घेतला.

आधी रेफर्ड बोलला. “मंडळी, खेचराची आई घोडी आणि बाप गाढव. रूप आणि अक्कल आईची घ्यायची, तर यांनी दोन्ही बापाकडून उचललं. शिवाय खेचराची वंशवेल कधी वाढत नाही, तशी यांची गुणसंख्याही वाढत नाही.” हशा झाला. हॉयट शेंगेसारखं तोंड मिटून बसला होता.

मग ओलेटा उठली. मंचावर चढताना गुडघा कुरकुरला. तिने चष्मा लावला, कागद उघडला, पुन्हा घडी घालून ठेवून दिला.

“जेवण चांगलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या बचावफळीसारखंच. कुणीही यावं, हवं तेवढं घ्यावं, कुणी अडवत नाही.”

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिला सूर सापडला.

“तुमचा बगळा एका पायावर उभा असतो. लोकांना वाटतं, केवढा ध्यानस्थ! मी तीस वर्षं निरखून बघितलंय. ध्यान वगैरे काही नाही. दुसरा पाय कुठे टेकायचा ते तो विसरलाय.” आता टेबलं वाजू लागली. “तुमच्या कोचचं मला कौतुक आहे. गेल्या वर्षी पर्डमकडून बेचाळीस गुणांनी हरल्यावर ते म्हणाले, यातून आम्ही खूप शिकलो. अहो, एवढं शिक्षण तर कॉलेजात चार वर्षांतसुद्धा मिळत नाही!” रेफर्ड टटल डोळे पुसत होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आवाज आला. पांढऱ्या टोपीचा, जमिनी विकणारा गृहस्थ होता. “बाई, तुम्ही मेसमध्ये भांडी घासता ना? फुटबॉल कधी शिकलात?”

त्याच्या बायकोने त्याचा सदरा ओढला, पण शब्द सुटून गेला होता. हॉयटची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज ओलेटाने ऐकला. तिने त्याच्याकडे बघून हात जरासा हलवला: बस.

“घासते,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “भांडी मी घासते, म्हणून कुणाच्या ताटात काय उरलं ते मला दिसतं. पोरगा कोचशी खोटं बोलेल, आईशी बोलेल. ताट खोटं बोलत नाही. एका वर्षी आमचा एक पोरगा, अडदांड, दाराला खांदे घासायचे, तीन दिवस नुसती जेली खात होता. कोच म्हणाले, वजन उतरवतोय. मी त्याला मोरीपाशी नेलं आणि विचारलं. आई दवाखान्यात होती, आणि कुणाला सांगायची सोय नाही असं त्याला वाटत होतं. त्या दुपारी हा माझा नवरा, हा इथे बसलाय तो, त्याला दोनशे मैल घेऊन गेला. शनिवारी पोरगा परत आला, खेळला, आणि आम्ही तुमच्याकडून हरलो. हरलो, मान्य आहे. आज तो एका शाळेचा हेडमास्तर आहे, आणि त्याच्या शाळेत एकही पोर उपाशी बसत नाही. चौतीस वर्षांत अशी किती पोरं माझ्या हातची जेवून गेली, मी मोजलेली नाहीत. पण फुटबॉल म्हणजे काय ते मला विचारायचं असेल तर विचारा, साहेब. मला येतं थोडंफार.”

मागच्या टेबलावरून एक अवाढव्य माणूस उठला. टर्मन नाव त्याचं, काउंटीच्या रस्त्यांवर कामाला होता, आणि कधीकाळी बगळ्यांकडून खेळला होता. तो खांबाला धरून म्हणाला, “मला एक सांगायचंय. मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा हॅकबेरीत जिंकून निघालो आणि आमची बस गावाबाहेर पडायच्या आधीच बंद पडली. या बाईंनी मेस पुन्हा उघडली. अठ्ठावन्न जणांना लोण्यातली गरम, पावासारखी फुगलेली बिस्किटं आणि पांढरी ग्रेव्ही खाऊ घातली. आणि म्हणाल्या, ‘पोटभर खा. पण आनंदाने खाल तर खबरदार.’”

“आठवतं मला,” ओलेटा म्हणाली. “नऊ खाल्लीस तू.”

“अकरा. पण मीठ फार होतं बाई.”

“ते मुद्दाम होतं.”

यावर जो हशा उठला त्याने पत्र्याचं छप्पर दणाणलं. पांढऱ्या टोपीवाल्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कार्यक्रम संपल्यावर तो तिच्याजवळ आला आणि “चुकलं माझं, मॅडम” एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. त्याच्याबद्दल नंतर ती कधी काही बोलली नाही. मंचावरून उतरण्याआधी मात्र तिने अंदाज सांगितला. दहा सामने, दहा विजय. अडीचशे बगळ्यांनी एका आवाजात हुर्यो उडवली, आणि ती हुर्यो ऐकताना ओलेटाची मान अशी ताठ झाली की हॉयट घरी पोचेपर्यंत तिच्याकडे चोरून बघत होता.

“काय बघतोस?”

“काही नाही,” हॉयट म्हणाला. दोन मैलांनी म्हणाला, “लग्न केलं ते बरं केलं.”

मोसम काही दहा विजयांचा झाला नाही. पर्डमने हरवलं, सेंट ॲल्बननेही हरवलं, म्हणजे देव त्या शनिवारी गावातच होता. पण नोव्हेंबरात ओल्डफेरीच्याच मैदानावर शंभरावा सामना झाला, आणि तो खेचरांनी खेचरांसारखाच जिंकला. त्यात देखणं काही नव्हतं. शेवटची साडेनऊ मिनिटं चेंडू हातातून सोडलाच नाही. तीन पावलं, चार पावलं, दोन पावलं, पुन्हा तीन. समोरचे बगळे उभे राहून थकले. तेरा विरुद्ध दहा. रेफर्ड टटल स्वतः भिंतीवरचं वल्हं घेऊन आला होता. त्याने ते कर्णधाराच्या हाती दिलं, आणि तपकिरी झग्यातल्या बाईकडे बघून टोपी उचलली. ओलेटाने पाचशे लोकांच्या देखत शिट्टी मारली, दोन बोटं तोंडात घालून.

सोमवारी सकाळी सहाला ती नेहमीसारखी टेबलामागे होती. पोरं रांगेत आली ती छाती काढून, काखा फुगवून. कर्णधार सगळ्यांत पुढे. त्याने सॉसेज घेतलं, अंडी घेतली, बिस्किटं घेतली, आणि ऐटीत पुढे सरकला.

“थांब,” ओलेटा म्हणाली. “पालक घे.”

“मिस ओलेटा, आज तरी?”

“आज काय आहे?”

पोराने तिच्या तोंडाकडे बघितलं. ती हसत नव्हती. त्याने मुकाट्याने ताट पुढे केलं, तिने दोन डाव पालक वाढला, आणि मागच्या पोराकडे वळली.