काकूंच्या मापाचा नसलेला ओटा

मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाचा स्वस्त वस्तूवर विश्वास उरत नाही. बाजारामागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांचं तसंच झालं होतं. "प्लास्टिकचे दाते! यापेक्षा माझे दात बरे," असं म्हणत ते मिक्सर उघडत, आणि त्यांचे पुढचे दोन दात पडलेत हे गिऱ्हाइकाला नेमकं तेव्हाच दिसे.

त्यांनी घर बांधायला काढलं, तेव्हा प्रत्येक दुकानात त्यांचा एकच प्रश्न असे, "शंभर वर्षं टिकेल ना?" फरशीवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, फरशी टिकेल. तुमचं काय?" त्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव 'शंभरवर्षे' पडलं.

काकू दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "अहो, पाया, स्लॅब, भिंतीतले पाइप, तिथे हात आखडू नका. कपाटाची दारं काय, साधी लावली तरी उद्या बदलता येतील."

"बदलायची म्हणजे आधी चुकलंच की!" काका म्हणत.

मग कपाटांनासुद्धा सागवान आलं, आणि न्हाणीघराच्या दारापुरते पैसे उरले नाहीत. चार महिने तिथे जुनी चादर लटकली. आत असणाऱ्यानं मोठ्यानं गायचं, असा नियम ठरला. लेकीला गाता येत नव्हतं. ती पाढे म्हणायची.

स्वयंपाकघराच्या ओट्याची वेळ आली तेव्हा काकू आठवडाभर आजारी बहिणीकडे गेल्या होत्या. काकांनी दोन बोटं जाडीचा काळा ग्रॅनाइट निवडला. त्यावर लिंबू पिळलं, तापलेली इस्त्री ठेवली, हातोडीनं ठोकून पाहिलं. दगडाला काडीचाही फरक पडला नाही.

"उंची किती ठेवू?" गवंड्यानं विचारलं. "काकूंना फोन लावू का?"

"एवढ्यातेवढ्याला काय विचारायचं तिला!" काका ताठ उभे राहिले, कोपरं वाकवली आणि म्हणाले, "ही अशी, इथे."

काका म्हणजे ताडमाड माणूस. काकू त्यांच्या खांद्यालाही लागत नसत.

काकू परत आल्या, ओट्यापाशी गेल्या. ओट्याची कड त्यांच्या छातीशी आली. त्यांनी दोन्ही कोपरं वर टेकवली, तळहातांवर हनुवटी ठेवली आणि म्हणाल्या, "छान आहे हो. तिकिटं इथेच मिळतात का?"

लेक खाली बसून हसली. काकांनी गवंड्याला पुन्हा बोलावलं. त्यानं अर्धा दिवस छिन्नी चालवली. भिंतीचा टवका उडाला. ओटा जागचा हलला नाही. "तुम्हीच म्हणाला होतात, हलता कामा नये," तो घाम पुसत म्हणाला. काकांना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही.

मग काकूंसाठी पायाखाली पाट आला. दुसऱ्याच दिवशी तो सरकला आणि पातेलंभर दूध जमिनीवर गेलं. काकूंना लागलं नाही, पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. पाट उचलून ते हळूच म्हणाले, "तुझी उंची किती गं?"

"लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर विचारताय?"

दगड ठोकून पाहिला, लोखंड वाकवून पाहिलं, आणि रोज जी तिथे उभी राहणार तिचंच माप घ्यायचं राहिलं, हे काकांना फार लागलं.

काकूंनी एप्रन काढून त्यांच्या गळ्यात घातला. "ओटा ज्याच्या मापाचा, त्यानं उभं राहावं. आणि मला एक टेबल आणा. साधं. माझ्या उंचीचं."

काकांनी मापाची पट्टी घेऊन काकूंना उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं आणि संध्याकाळी हलक्या प्लायचं टेबल आणलं. आता काकू खिडकीशी बसून भाजी निवडतात आणि काका ओट्याशी फोडणी देतात. पहिल्या दिवशी कांदा चिरताना डोळे वाहिले, ते कांद्यामुळेच, असं त्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

परवा त्यांनी चमच्यात आमटी आणून काकूंच्या पुढे धरली.

"मीठ आहे ना?"

काकूंनी चव घेतली, थोडा विचार केला. "आहे. बहुतेक दोनदा आहे."