शेपटीएवढा वेळ

वहिनी गेल्याची बातमी मी पुण्याला आक्काला फोनवर कळवली, तेव्हा पहिली दोन मिनिटे ती नुसती रडली. आक्का माझी थोरली बहीण. मनाने वाईट नाही. मग नाक ओढत तिने विचारले, "फोटो कुठला लावलायस?" मी म्हणालो, "आहे तोच." ती म्हणाली, "तो नको रे. पासपोर्टचा वगैरे असेल की एखादा. तोंड मिटलेला."

या लेखासोबत छापलेला फोटो तोच आहे. तोंड मिटलेले नाही. उलट इतके उघडे आहे की डावीकडची चांदी भरलेली दाढसुद्धा दिसते. पुरवणीच्या संपादकांना मी आधीच कळवले होते की फोटो छापणार असाल तर हा, नाहीतर लेख परत पाठवा. मी गोदामातला माणूस आहे, लेखक नाही. मोजलेले आणि पाहिलेले तेवढेच सांगता येते. तेव्हा हा फोटो कुठे, केव्हा आणि कसा निघाला, ते एकदा नीट लिहून ठेवतो. पुन्हा कोणी विचारायला नको.

कुमुदवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बहारीनला आला. सित्र्याच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट फिटर होता. पहाटे कंपनीच्या बसने जायचा. वर्षभराने वहिनी आल्या आणि एका शिपिंग एजंटकडे टायपिस्ट म्हणून लागल्या. तीन वर्षांनी दादाने मला बोलावून घेतले. मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली, ती अजून चालू आहे. झिंज वस्तीत एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर आमची समोरासमोर दोन घरे. माझे लग्न होऊन शैला येईपर्यंत जेवणखाण वहिनींकडेच, नंतरही बरेचदा तिथेच.

वहिनींचे हसणे तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यापर्यंत जायचे. आधी उचकी लागल्यासारखा एक आवाज, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळे एकदम. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे इथले किराणा दुकान, चालवणारा म्हातारा अब्बास त्यावरून ओळखायचा, मॅडम ऑफिसमधून आली. हसण्याचा विषय बहुतेक वेळा मी असायचो. मला दार उघडे राहिलेले खपत नाही. आमच्या घरात तेव्हा एकच एसी, तोही खिडकीतला. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना दार एक मिनिट उघडे राहिले तर खोली दोन अंशांनी तापते, हे मी थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन पाहिले होते. त्यामुळे कोणी आत आले की मी त्याच्या पाठोपाठ दार ओढायचो. पाहुणे दचकायचे. शुक्रवारी सुट्टी म्हणून मी गुरुवारी गजराच्या घड्याळाला चावी देत नसे. वापरायचे नाही तर झिजवायचे कशाला?

एका शुक्रवारी दादा जेवताना खिशातून मासिकाचे एक फाडलेले पान काढून वाचायला लागला. बल्गेरियात गाब्रोवो नावाचे जुने शहर आहे. तिथली माणसे स्वतःच्या काटकसरीवर विनोद करतात आणि त्यासाठी जगात प्रसिद्ध आहेत. रात्री घड्याळे बंद ठेवतात, चाके झिजू नयेत म्हणून. पाहुण्यांना लोणी वाढताना सुरी गरम करून देतात, म्हणजे लोणी सुरीवर टिकत नाही. आणि मांजरांच्या शेपट्या कापतात. हिवाळ्यात मांजर आत येताना शेपटीसाठी दार जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, तेवढी ऊब वाया जाते... वहिनींनी हातातला घास खाली ठेवला. "अगंबाई, भाऊजी! तुमचं गाव सापडलं की हो!"

ते पान दादाने स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून चिकटवले आणि पुढल्या रजेत 'गाववाल्यांना' भेटायला जायचेच असे ठरवले. सोफियामार्गे जाणारी विमाने तेव्हा स्वस्त असत. दादाने स्वतःची आणि वहिनींची अशी दोन तिकिटे काढली, वर्षभर चालणारी. मनाम्याच्या बाजारातून एक राखाडी लोकरी मफलर आणला. बाहेर उन्हाळा सुरू झाला होता आणि हा माणूस एसीसमोर मफलर गुंडाळून बसलेला. तिकिटे काढल्याला एकोणीस दिवस झाले आणि शिफ्टवर असतानाच दादा गेला. हृदयविकार. एकेचाळीस वर्षांचा होता.

त्यानंतर वहिनींनी काय करावे हे सांगणारी पुष्कळ माणसे निघाली. आक्काची पत्रे दर आठवड्याला: आता तिथे एकटीने राहू नये, पुण्याला ये. वहिनींच्या ऑफिसने त्यांचा व्हिसा स्वतःकडे घेतला होता, त्या राहिल्या. वर्ष होईपर्यंत सण नाही, गोडधोड नाही, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जाणे नाही, हे सगळे मात्र त्यांनी पाळले. त्याबद्दल त्या काही बोलत नसत. कशाबद्दलच बोलत नसत. अब्बासने एकदा मला हळूच विचारले, "भाई, मॅडम का आवाज मफी?" मफी म्हणजे नाही. मी मान हलवली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि तिकीट टेबलावर ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, हे बघा जरा." मी पाहिले. तिकिटाची मुदत संपत होती ती वर्षश्राद्धाच्या आधी. तारखेने एकोणीस दिवस आधी, तिथीने धरले तर आठ. म्हणजे वर्ष पाळायचे तर तिकीट फुकट, आणि तिकीट वापरायचे तर वर्ष मोडले.

मी म्हणालो, "वहिनी, वर्ष तरी होऊ दे. लोक काय म्हणतील?"

"तिकीट वाया घालवू? तुम्ही सांगताय मला?"

शैला आतून हसली. वहिनी हसल्या नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच होत्या. "लोकांसाठी नाही थांबले मी," त्या म्हणाल्या. "मला येतच नाहीये हसायला. रेडिओवर काही लागलं की कळतं, हे हसण्यासारखं आहे. पण वर येत नाही. हे असंच राहिलं तर... त्यांना तेवढंच आवडायचं हो माझं. जाऊन बघते. तिथेही नाही आलं, तर आक्का म्हणतात तशी पुण्याला जाऊन बसते गप."

त्या एकट्या निघणारच होत्या. शैलाने मला सांगितले, तुम्ही बरोबर जा. दादाचे तिकीट मला चालणार नव्हते. मी माझे काढले, रजा टाकली, व्हिसा मिळवला. मुदतीचे पंधरा दिवस उरले असताना आम्ही निघालो. सोफियात आणि गाब्रोवोत आमच्या खोल्या वेगवेगळ्या मजल्यांवर होत्या. हे लिहायची गरज पडू नये, पण आमच्या लोकांत ती पडते, म्हणून लिहिले.

मार्चची सुरुवात होती. गाब्रोवोत घोट्यापर्यंत बर्फ. वहिनींनी ऑफिसमधल्या कोणाचा तरी ओव्हरकोट आणला होता, पायात माझे मोजे, गळ्यात दादाचा मफलर. तो त्यांना इतका लांब की एक टोक मागे गुडघ्याखाली लोंबत होते. सरकारी प्रवासी कचेरीने साठीची एक बाई गाइड म्हणून दिली होती. लोकरी टोपी घातलेल्या त्या बाई न चुकता इंग्रजी बोलायच्या आणि प्रत्येक विनोद लढाईची हकिगत सांगावी तशा गंभीरपणे सांगायच्या. नदीच्या मधोमध खडकावर, हे शहर वसवणाऱ्या लोहाराचा पुतळा आहे. तो तिथे का, तर काठावरची जमीन अडू नये म्हणून. नंतर विनोदाच्या संग्रहालयात गेलो. मुखवटे, व्यंगचित्रे, शेपटी नसलेली मांजरे, खोल्यांमागून खोल्या. मी मोजत होतो. गाइडबाईंनी अकरा विनोद सांगितले. वहिनी प्रत्येक वेळी मान डोलवायच्या, "थँक यू" म्हणायच्या आणि पुढे जायच्या. शेवटच्या खोलीत त्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "चला भाऊजी. झालं बघून." मला त्या वेळी जे वाटले ते मी आजवर शैलालाही सांगितलेले नाही. बहारीनमध्ये मला त्यांचे हसणे कधी जास्त वाटायचे, कधी पाहुण्यांसमोर लाज वाटायची. त्या बाकापाशी उभा असताना वाटले, एकदा हसू दे ह्यांना, मग वर्ष मोडले म्हणून जे व्हायचे ते माझे होऊ दे.

बाहेर बर्फ पडायला लागला होता. समोर एक लहानसे कॉफीचे दुकान होते. गाइडबाई आधी आत गेल्या, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे वहिनी. वहिनींचा पाय उंबऱ्याच्या आत पडला आणि मी दार ओढले. सवयच ती. दार घट्ट बसले. वहिनी एक पाऊल पुढे आल्या आणि गचकन मागे खेचल्या गेल्या. दादाच्या मफलरचे लोंबते टोक दाराबाहेर राहिले होते.

त्यांनी मागे वळून पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मी दाराची मूठ धरून उभा. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "माझी शेपटी कापलीत!" आणि ती उचकी आली. मग तो मधला क्षण. आणि मग... त्या दाराला पाठ टेकवून खाली फरशीवर बसल्या. हसत होत्या, रडत होत्या, पुन्हा हसत होत्या, श्वास लागत होता. दुकानदार धावत आला. काय झाले ते गाइडबाईंनी त्याला सांगितले, आणि सांगता सांगता सकाळपासून एकदाही न हसलेल्या त्या बाईंच्या तोंडून फस्सकन हसू फुटले. त्यांनी मला विचारले, "तुमचे आजोबा गाब्रोवोचे का?" दादाचा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. छत्तीस फोटोंच्या रोलमधले मी तोवर सात काढले होते, जपून. आठवा हा.

परत आल्यावर फोटो धुऊन आले आणि मी घाबरलो. हा एक फोटो मी ड्रॉवरमध्ये टाकला. चार महिने तो तिथे होता. नंतर वहिनी शैलाकडे सुईदोरा मागायला आल्या असताना त्यांना तो सापडला. त्यांनी तो नेला, फ्रेम करून आपल्या हॉलमध्ये टीव्हीवर ठेवला. एक प्रत पुण्याला पाठवली. आक्काचे उत्तर आले ते मला: विचारणाऱ्याला सांग की फोटो जुना आहे, दादा असतानाचा, एवढ्याने कोणाचे काही जात नाही.

गणपतीत मंडळाच्या चारपाच बायका वहिनींकडे आल्या होत्या. त्यांतल्या एक वयस्कर बाई फोटोकडे बघत गोड आवाजात म्हणाल्या, "हा दादा असतानाचा असेल ना हो?" प्रश्न मला होता. वहिनी ट्रे घेऊन दारातच थांबल्या. त्यांनी मला वाचवले नाही. मी गोदामात खोटा आकडा कधी लिहिलेला नाही. एक "हो" म्हटले असते तर तो विषय तिथेच संपत होता. मी म्हणालो, "नाही. दादा गेल्यानंतरच्या अकराव्या महिन्यातला. मी काढला." त्या बाईंचा चेहरा उतरला. वहिनी आत आल्या. "घ्या, चहा घ्या," त्या म्हणाल्या, "गार झाला तर भाऊजी रागावतात."

पुढच्या आठ वर्षांत आमच्याविषयी काय काय बोलले गेले ते मला ठाऊक आहे. मंडळाच्या नाटकात वहिनींना काम देऊ नये असे एका वर्षी ठरले. त्या प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसल्या आणि इतक्या हसल्या की पुढच्या वर्षी मुख्य काम त्यांनाच द्यावे लागले. पुण्याला त्या जात, महिनाभर राहत आणि परत येत. आणि गाब्रोवोहून आल्यापासून त्यांनी एक नवीन खोड काढली होती. आमच्या घरात शिरल्या की दोन पावले टाकून मध्येच थांबायच्या. माझा हात दाराकडे गेलेला असायचा. "थांबा भाऊजी, शेपटी बाहेर आहे अजून." मग सावकाश पदर आत ओढून घ्यायच्या. गारवा जात राहायचा. मी दात खाऊन उभा.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये. बोलणे फार थोडे राहिले होते. वॉर्डाच्या दाराला वर यंत्र बसवलेले होते, त्यामुळे ते आपोआप आणि फार हळू लागायचे. मी आत आलो आणि सवयीने त्याला मागे ढकलू लागलो, ते ऐकेना. वहिनी उशीवरून बघत होत्या. "गाब्रोवोत... चाललं नसतं हे दार," त्या म्हणाल्या. मी हसलो. त्यांना आवाज काढता आला नाही, पण तोंड उघडले होते. फोटोतल्यासारखेच.

दहन इथेच झाले, त्यांच्या इच्छेप्रमाणे. त्यांच्या हॉलमध्ये हाच फोटो लावला. भेटायला आलेल्यांपैकी दोघांनी मला बाजूला घेऊन दुसरा नाही का, असे विचारले. नाही, असे मी सांगितले. आक्कालाही तेच. वर्ष होईपर्यंत आमच्या घरात कोणी हसायचे नाही, असे काही मी होऊ देणार नाही. शैला हसते. मुले हसतात. मीही प्रयत्न करतो.

त्यांचे घर पुढच्या महिन्यात रिकामे करायचे आहे. मफलर मी आमच्याकडे आणला. एका टोकाच्या झालरीचे चार धागे दारात अडकून तुटले होते, ते तसेच आहेत. तो आता दारामागच्या खुंटीवर असतो. बाहेर चव्वेचाळीस अंश आहेत. मी कामावरून येतो, आत शिरतो, हात मुठीवर जातो... आणि थांबतो. एक, दोन, तीन, चार. शैला आतून ओरडते, "अहो, दार! सगळं गार निघून चाललंय!"

जाऊ दे. पाच मोजून मी दार लावतो.