सात माणसांची एक गाडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ताईजवळ तर नाहीच — आणि जे केलं ते ताईपायीच केलं. तुम्ही समोर बसला आहात, ऐकून घ्याल असं वाटतं, म्हणून सांगतो.

सत्तरीचं दशक होतं. शेलूबाजारच्या रस्त्याला नवा सरकारी दवाखाना झाला आणि मी तिथं कंपाउंडर म्हणून लागलो. नव्याची नवलाई अशी की दोन महिन्यांत आवारात बैलगाड्यांची दाटी झाली. दवाखाना आहे की बैलबाजार तेच कळेना. शेण तुडवत पेशंट आत यायचे, आणि एसटीला वळायला जागा नसली की ड्रायव्हर आम्हा सगळ्यांचा उद्धार करायचा.

आमचे डॉक्टर भारी प्रेमळ, पण एक गोष्ट डोक्यात घेतली की सोडायचे नाहीत. निम्मे लोक नुसत्या पट्टीसाठी, सुईसाठी येतात, तेवढ्यासाठी चार कोस गाडीत हाडं खिळखिळी कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. आपणच आठवड्यातून एकदा जीप घेऊन जाऊ, गावातून गाडी निघायलाच नको. पण जीप एक आणि दिवसही एकच. तेव्हा जिथून सगळ्यात जास्त आजारी येतात ते गाव निवडायचं ठरलं. आठ दिवस मला फाटकाशी, लिंबाखाली वही घेऊन बसवलं. त्यांनी दोनदा बजावलं होतं — गाड्या मोजू नकोस, माणसं मोज. आणि बाजाराला निघालेली माणसं धरू नकोस.

कारण आमच्याकडे बाजाराची गाडी नुसती जातच नाही. गाडी निघालीच आहे तर म्हातारीला बसवा, जाता जाता दाखवून घेऊ. एक आजारी, पाच बाजारकरू.

आता ताईचं सांगतो. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. माझी शेंडी धरून आंघोळ घालणारी ती, आणि मी बारा वर्षांचा असताना ती सासरी गेली. तिच्या गावाला एसटी नव्हती. वर्षातून दोनदा भेट, तीही धावती. जीप तिच्या गावाला गेली, तर डॉक्टरांबरोबर मी जाणार. दर आठवड्याला ताई दिसणार, तिच्या हातचं जेवण मिळणार. एवढंच! एवढ्याशासाठी माणूस काय काय करतो ना?

ओढ्यापलीकडे बौद्धांची एक वस्ती होती. तिथले नामदेवकाका आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांच्या बायकोच्या, गयाबाईच्या पायाची जखम भरत नव्हती. वस्तीत गाडी एकच, म्हणून हे सगळ्यांची दारं ठोठावून ज्याला ज्याला दुखतंय त्याला बरोबर घ्यायचे. माझ्यावर त्यांचा फार जीव. मी वाळकुडा म्हणून चिडवायचे, आणि हरभऱ्याच्या दिवसांत ओल्या घाट्यांची पेंडी माझ्या टेबलाखाली ठेवून जायचे. मलाही ते आवडायचे. अगदी मनापासून.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी ते वहीजवळ येऊन उभे राहिले.

"बापू, गाडी एक हाय, पन मानसं सात हायेत. सातही लिवजा."

मी मान डोलावली. आणि लिहिलं — एक.

पुढच्या खेपेलाही एकच. गाडी एकच होती ना, मग खोटं काय, असं मनाला सांगितलं. ताईच्या गावच्या गाड्या आल्या तेव्हा मात्र मिरच्यांच्या पोत्यांवर बसलेला धडधाकट गडीसुद्धा मी आजाऱ्यांत घातला. ज्यांनी आपणहून सात जणांना एका गाडीत बसवलं, त्यांचा आकडा मी त्याच शहाणपणावर कापला. ती वस्ती आमच्या नात्यागोत्यातली असती, तर माझी पेन्सिल अशीच चालली असती का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर मला माहीत आहे.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जीप ताईच्या गावाला सुरू झाली.

नामदेवकाकांना ते कळलं तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता विचारणार. पण ते माझीच समजूत घालायला लागले.

"आमच्याकडं दुखनंच कमी असन, बापू. बरंच हाय ना मंग."

स्वतःच्या गाडीतली सात माणसं त्यांनी पाहिली होती. तरी विश्वास माझ्या वहीवर ठेवला.

पुढे दोन वर्षं ते गयाबाईला तसेच आणत राहिले. मी तिची पट्टी हलक्या हातानं करायचो, कोमट पाण्यानं भिजवून. ती मला आशीर्वाद द्यायची, आणि मी ते घ्यायचो. कधी जीपचा दिवस आणि त्यांची खेप एकाच दिवशी यायची. मग ते आमच्यासाठी गाडी बांधाला घालून वाट द्यायचे आणि हात वर करायचे. मीही करायचो.

अशा दिवशी घास घशाखाली उतरत नव्हता, असं म्हटलं तर बरं दिसेल. पण ते खरं नाही. ताई तुरीच्या सोल्यांची भाजी करायची, तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची, आणि मी एक भाकरी जास्तच खायचो. जेवण मला गोड लागायचं.