जमादाराच्या लेकी

सकाळी खुराड्याचं झाकण उचललं आणि किल्लीवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीच्या पंखाखालून काळीकुळकुळीत पिल्लं डोकी बाहेर काढत होती आणि त्यांच्यात एक पांढरं होतं. काळ्या जातीच्या पिल्लांना पोटाखाली थोडी पांढुरकी झाक असते, पिसं बदलली की ती जाते, हे त्याला कुणी शिकवायला नको. पण हे पिल्लू चोचीपासून शेपटापर्यंत पिवळट पांढरं होतं.

"कुणी केलं हे?" तो ओरडला.

काय झालं असं नाही, कुणी केलं! त्याच्या जगात आपोआप काही होतच नसे, प्रत्येक गोष्ट कुणीतरी करत असे. त्याचाही काय दोष म्हणा. धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा आणि किल्ल्या घासण्याचा. दुकानात येणारा प्रत्येक माणूस तेच रडगाणं गाणार, की किल्ली तर माझ्याकडेच होती, मग आतलं गेलं कसं? वर्षानुवर्षं हेच ऐकलं तर भल्याभल्याचं डोकं फिरेल. बायकोच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तरी हा विचारायचा, "आज कोण आलं होतं घरी?"

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. पिल्लू बघून तिला हसूच आलं. "अगंबाई, हे कुठून आलं? किती गोड आहे!"

हसली का? किल्लीवाल्यानं तेवढंच मनात धरून ठेवलं.

कोंबड्या हा त्याचा शौक होता, आणि शौक कसला, वेडच होतं. उन्हात ज्यांच्या पिसांवर हिरवी चमक येते अशी ती काळी जात. तुरा सरळ, पाय पाटीच्या रंगाचे, अंगावर दुसऱ्या रंगाचं एक पीस शोधून सापडायचं नाही. त्यांचा राजा म्हणजे जमादार. छाती पुढे काढून असा चालायचा की आपणच बाजूला व्हावं. किल्लीवाल्याची काळी म्हटलं की दूरदूरचे लोक डोळे मिटून अंडी घेऊन जात. यंदा कुणी कुरकुर केली, की तुमच्या अंड्यातून पांढरं निघालं हो, तर हा ताडकन म्हणायचा, "काळ्याच्या पोटी काळंच येतं. पांढरं निघालं तर आधी आपलं कुंपण बघा."

आता कुंपण बघायची पाळी त्याच्यावर आली होती.

कुंपणापलीकडे इस्त्रीवाली राहायची. तिच्याकडे एक पांढरा कोंबडा होता, ना जातीचा ना गुणाचा, पण आवाज मात्र खणखणीत. किल्लीवाल्यानं कुंपणाची जाळी वीतवीत तपासली. एका ठिकाणी तार सैल होती. मांजराचं पिल्लू कसंबसं गेलं असतं.

"वहिनी, तुमचा कोंबडा आमच्याकडे येतो का?" त्यानं विचारलं.

"त्याला धड माळ्यावर चढता येत नाही, तो काय येतोय!" इस्त्रीवालीनं कपड्यावरून मान वर न करता सांगितलं. "तुमच्याच कोंबड्या दुपारी अंगणभर हिंडत असतात की. तुमची बायको सोडते त्यांना."

झालं! इतके दिवस हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. कोंबड्यांना मोकळं फिरायला, राखेत लोळायला मिळालं तर अंगावर किडे होत नाहीत, हे त्यानंच तिला सांगितलं होतं. पण इस्त्रीवालीच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वाटलं, या दोघींचं काहीतरी ठरलेलं आहे. दुपारी गप्पा मारत बसत असतील. लक्ष कुणाचं असणार?

संध्याकाळी त्यानं खुराड्याच्या दाराला कुलूप ठोकलं. दुकानातलं सगळ्यात चांगलं. सकाळी दाणा-पाणी तो स्वतः ठेवणार, अंडी स्वतः काढणार आणि किल्ली खिशात घालून दुकानात जाणार.

बायको बघत राहिली. या कोंबड्या तिनं हातावर वाढवल्या होत्या. पायांवर खवले चढले तर तेल चोळायची, अंड्यांची टरफलं पातळ झाली तर शिंपल्यांचा चुरा करून घालायची. तिचा आवाज आला की सगळा कळप धडपडत धावायचा.

"हे माझ्यासाठी का?" तिनं विचारलं.

"कोंबड्यांसाठी," तो म्हणाला.

"मी कोंबड्या चोरते होय?"

"मी तसं म्हटलंय का?"

म्हटलं नव्हतं, पण न म्हणता राहिलंही काय होतं? त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं उरलं. जेवायला बसा, पाणी घ्या, तेल संपलंय. बास.

कोंडलेल्या कोंबड्या लवकरच चिडचिड्या झाल्या. दिवसभर करायला काही नाही, मग एकमेकींची पिसं उपटायला लागल्या. एकीची पाठ उघडी पडून रक्त दिसायला लागलं. भर उन्हात पाण्याचं भांडं लवंडलं तर बायको जाळीतून नळी घालून पाणी सोडायची. तिनं सांगितलं, "मारतील एकमेकींना. दुपारी तेवढं सोडू द्या."

किल्लीवाल्यानं लगेच कान टवकारले. हिला सोडायची एवढी घाई का? जखमेवर हळद लावून त्यानं ती कोंबडी वेगळ्या खोक्यात ठेवली, बाकीच्यांना टोचायला जाळीला पाल्याच्या जुड्या बांधल्या, पण कुलूप काढलं नाही.

कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचा अंश काही आठवडे टिकतो. म्हणून त्यानं मधली अंडी सोडून दिली आणि महिन्यानं, खात्री पटल्यावर, बंद खुराड्यातली अंडी उबवायला बसवली. तीन आठवड्यांनी पिल्लं निघाली. काळी, काळी, काळी, आणि पुन्हा दोन पांढरी.

दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. हा पठ्ठ्या कुलूप काढून दुकानात घेऊन गेला आणि भिंग डोळ्याला लावून आत बघत बसला. कुठं नवा ओरखडा आहे का, कुणी साबण भरून ठसा घेतलाय का, तार घालून बघितलीय का. काही नव्हतं. मग त्याला वाटलं, इतकं स्वच्छ कुलूप म्हणजे नक्की दुसरी किल्ली आहे.

"दुसरी किल्ली कुठाय?" त्यानं घरी येऊन विचारलं.

बायको भाजी निवडत होती. "कसली?"

"खुराड्याची. माझ्याच दुकानातून केली असशील, मी जेवायला येतो तेव्हा."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "इतकी वर्षं झाली आपल्याला," ती म्हणाली. "आणि तुम्हाला वाटतं मी तुमच्या पाठीमागे किल्ल्या घासते? कोंबडा आत सोडायला?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिनं त्याला नीट बघू दिलं नाही. उठून आत गेली.

किल्लीवाल्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण संशय असा, की वाईट वाटल्यावर तो आणखीच फुगतो. आता सत्य शोधल्याशिवाय घास उतरणार नाही, असं त्यानं ठरवलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत त्यानं जागा केली. जमादाराची एक लेक, सगळ्यात चमकदार, नुकती अंड्यावर आलेली तलंग, तिथं एकटीच ठेवली आणि आधीचं सगळं निवळायला वेळ दिला. मग जमादाराला आणून तिच्याबरोबर ठेवलं. हीच त्याची नवी रीत होती. यंदा पहिल्यांदाच त्यानं जमादाराला त्याच्याच लेकींवर ठेवलं होतं, बापाची चमक पक्की बसावी म्हणून. खिडकीला खिळे ठोकले. अंडी आपल्या हातानं उचलली, उजेडासमोर धरून तपासली, तिथंच खुडूक कोंबडीखाली ठेवली. गिऱ्हाईक समोर असलं तरी याचे कान मागच्या खोलीकडे. जेवायलाही घरी जाईना, डबा दुकानातच.

ज्या सकाळी पिल्लं निघाली, त्या सकाळी त्यानं दुकानाचं दार अर्धंच उघडलं होतं. कोंबडीला हलकेच उचललं. पांढरं पिल्लू सगळ्यांच्या पुढे उभं होतं आणि त्याच्याकडे बघून चिवचिवत होतं.

किल्लीवाल्यानं खिडकीचे खिळे ओढून बघितले, पक्के होते. इथं इस्त्रीवाली नव्हती, बायको नव्हती, सैल तार नव्हती. होता फक्त जमादार. पांढरा रंग त्याच्याच रक्तात लपलेला होता. परक्या कोंबड्यांपासून झालेल्या पिल्लांत तो कधी वर आला नव्हता, पण बापाचं आणि लेकीचं लपलेलं एकत्र आलं आणि बाहेर पडलं. आणि त्यांना एकत्र आणलं होतं कुणी? त्यानंच. ज्या लोकांना त्यानं कुंपण बघायला सांगितलं होतं, ते सगळे बिचारे खरं बोलत होते.

त्याला आधी काय सुचावं? पिल्लाची मान मुरगळावी, कुणाला कळणार आहे! त्यानं ते मुठीत धरलं. तेवढ्यात दारात सावली पडली. बायको डबा घेऊन आली होती. यानं घाईघाईनं मूठ सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"सगळी काळी," तो म्हणाला.

खिशातलं पिल्लू जीव खाऊन ओरडलं.

तिनं डबा ठेवला. पुढे होऊन त्याच्या खिशात हात घातला आणि पिल्लू बाहेर काढलं. दबून त्याचा एक पाय वाकडा झाला होता. तिनं बोटानं तो सरळ केला. किल्लीवाल्यानं खुराड्याची किल्ली तिच्यापुढे धरली.

"तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "किल्ली पण आणि कोंबड्या पण. हे मात्र मी नेते. याला तुम्ही जगू द्यायचा नाहीत." पिल्लू पदरात घेऊन ती निघून गेली.

संध्याकाळी त्यानं खुराड्याचं कुलूप काढून फेकून दिलं. दार सताड उघडलं, अंगणात दाणे टाकले. "या गं, या, या," त्यानं हाक मारली. एकही बाहेर येईना. उंबऱ्याशी गोळा होऊन कोंबड्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या.

ते दार आतून बंद होतं. आत पिल्लाची चिवचिव चालली होती आणि ती त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. किल्लीवाला दाराशी गेला.

"अगं," तो म्हणाला, "चुकलं माझं. फार चुकलं."

आतलं बोलणं थांबलं. मग ती म्हणाली, "हे खरंच म्हणताय, की कोंबड्या येत नाहीत म्हणून म्हणताय?"

तो खरंच म्हणत होता. अगदी मनापासून म्हणत होता. पण ते तिला पटवून द्यायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.