रांगेतली डावरी

नात संगणकावर बाणांच्या रांगा दाखवत होती. एक बाण वर, शेजारचा खाली. "आजी, स्फटिकाच्या खड्याच्या आतले हे इवलेसे चुंबक. मधे मी एक परका अणू घातला." त्याच्या भोवतालचे बाण वाकडे झाले होते.

"म्हणजे चांगल्या खड्यात भेसळ केलीस?"

"मुद्दाम. त्याशिवाय कोण कोणाला धरून उभं आहे ते कळत नाही. उद्या पीएचडीचे परीक्षक तुझ्यासारखंच विचारणार बघ."

मला भातलावणीची रांग आठवली. मी डावरी, रोपं डाव्या हाताने लावायची. माझं कोपर लागलं की शेजारीण सरकायची, मग तिची शेजारीण. "हिला काढा गं," बायका ओरडायच्या. मी हलले नाही. शेवटी रांगच माझ्याप्रमाणे सरकून उभी राहिली.

उद्या परीक्षक नातीला अडवतील. अडवू देत. तीही डाव्या हातानेच लिहिते.